इथिओपियन जेवण पहिल्यांदाच: काय मागवावं, कसं खावं

इथिओपियन हॉटेलात पहिल्यांदा जाणारा मराठी माणूस चवीला सहसा अडत नाही. मिरची, मेथी, ओवा, कलौंजी, आलं-लसूण, डाळी, सगळं ओळखीचंच असतं. अडतं ते मेन्यूकार्डवर. चौघं जण चार डिशेस आपापल्या समजून मागवतात आणि निम्म्या ताटातच पोट गच्च होतं. नाहीतर डाळीचा पदार्थ म्हणून मागवलेल्या शिरोत गोमांसाचे तुकडे निघतात. हॉटेल अदिस अबाबातलं असो, वॉशिंग्टनमधलं असो की लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स अ‍ॅव्हेन्यूवरच्या 'लिटल इथिओपिया'तलं, जेवणाची रीत तीच असते. पहिल्या वेळी काय मागवावं, याचं आमचं उत्तर मांसाहारी माणसालाही एकच आहे: आधी उपासाचं मिश्र ताट, मग बाकीचं.

## दिवस आणि वेळ

इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतात. शिवाय ईस्टरच्या आधी ५५ दिवसांचा मोठा उपास असतो. उपासाला अम्हारिक भाषेत 'त्सोम' म्हणतात. त्यात मांस, अंडी, दूध, लोणी, तूप काहीच चालत नाही. कांदा, लसूण, मिरची आणि डाळी मात्र भरपूर चालतात. साबुदाण्यावर वाढलेल्या माणसाला हा उपास वाटणारच नाही. शाकाहारी माणसाने अदिस अबाबात शक्यतो बुधवार किंवा शुक्रवार गाठावा. त्या दिवशी मुदपाकखाना उपासाच्याच स्वयंपाकाला लागलेला असतो, भाज्या-डाळींचे प्रकार जास्त असतात आणि ताजे असतात. सोमवारी हेच ताट मागितलं तर मिळेल, पण चार-पाच प्रकारांवर भागवावं लागेल. अपवाद ईस्टरनंतरच्या ५० दिवसांचा. तेव्हा बुधवार-शुक्रवारचाही उपास नसतो. अमेरिका-युरोपातल्या हॉटेलांत हे ताट रोजच मिळतं, तिथे वार बघायची गरज नाही.

उलट, डोरो वोत (कोंबडीचा रस्सा) किंवा कित्फो (मसाला-तुपातलं कच्चं गोमांस) खायचाच बेत असेल तर अदिसमध्ये उपासाचे दिवस टाळा. मोठ्या उपासात कित्येक हॉटेलं मांसाचे पदार्थ बनवतच नाहीत.

फोनवर टेबल ठेवताना आणखी एक घोळ होतो. इथिओपियात घड्याळ पहाटेपासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि संध्याकाळचे सात म्हणजे रात्रीचा एक. विदेशी गिऱ्हाईक दिसलं की बरेच जण स्वतःच बदलून सांगतात, म्हणून संशय जास्त वाढतो. 'तुमच्या वेळेनुसार की आमच्या?' असं सरळ विचारून घ्यावं.

## मेन्यूकार्ड कसं वाचायचं

चार-पाच शब्द कळले की निम्मा मेन्यू सुटतो. 'वोत' म्हणजे दाट रस्सा. नावात 'के' (लाल) असेल तर त्यात बर्बरे हा तिखट मसाला पडलेला आहे. 'अलिचा' असेल तर बर्बरे नाही. हळद-आल्याचा सौम्य, पिवळा रस्सा. 'तिब्स' म्हणजे कांदा-मिरचीवर परतलेलं मांस, आणि 'फितफित' किंवा 'फिरफिर' म्हणजे इंजेराचे, त्यांच्या आंबवलेल्या पिठाच्या मऊ धिरड्याचे, तुकडे मोडून त्यातच कालवलेला पदार्थ. फिरफिर मागवून वर त्याच्याबरोबर इंजेराही खाल्ला जातो, हे नवख्याला चमत्कारिक वाटतं. पहिल्या दिवशी त्याच्या वाटेला जाऊ नये, पोट उगाच भरतं.

मांसाचे शब्द तर पाठच करा. डोरो म्हणजे कोंबडी, बेग मेंढी, फियेल बकरा, असा मासा, एन्कुलाल अंडं. 'सिगा' म्हणजे नुसतं मांस, आणि पुढे काही लिहिलं नसेल तर ते बहुतेक वेळा बैलाचं किंवा गाईचं असतं. नुसतं 'तिब्स' किंवा 'के वोत' लिहिलं असेल तर तेही गोमांसच धरून चाला. गोमांस खात नसाल तर 'येबेग तिब्स' किंवा 'येफियेल तिब्स' असं नाव घेऊन मागा आणि दोनदा खात्री करून घ्या. डुकराचं मांस मात्र या मेन्यूत येत नाही. तिथले ख्रिस्तीही ते खात नाहीत आणि मुसलमानही.

शाकाहारी लोकांनी दोन ठिकाणी सावध असावं. पहिली जागा शिरो. हरभऱ्याच्या किंवा बाकल्याच्या भाजलेल्या, मसाला घातलेल्या पिठाचं हे सरळसरळ पिठलं आहे, आणि मराठी माणूस पहिल्या घासाला खूश होतो तो यावरच. पण 'बोझेना शिरो'त मांसाचे तुकडे असतात. 'तेगाबिनो' म्हणजे मातीच्या भांड्यात रटरटत येणारं घट्ट शिरो; ते मागवावं. दुसरी जागा तूप. साध्या दिवशी शिरोत किंवा डाळीतही 'नितिर किबे' घालतात. कोरारिमा ही तिथली वेलची, मेथी, हळद आणि इतर वनस्पती घालून कढवलेलं हे लोणी. आपल्या शाकाहाराला ते चालतं, पण ज्यांना दुधातुपाचं काही नको असेल त्यांनी 'येत्सोम' म्हणजे उपासाचं, हा शब्द वापरावा. 'किबे येलेलेबेत' म्हणजे लोणी न घातलेलं. उपासाच्या स्वयंपाकात तेल वापरतात. जुन्या रीतीचं तेल असतं नूगचं, म्हणजे आपल्या कारळ्यांचं. कारळ्यांची लागवड मुळात इथिओपियाच्या पठारावरच सुरू झाली असं मानतात. उपासाला मासा चालतो असं मानणारे लोकही तिथे आहेत, त्यामुळे उपासाच्या पानावर 'असा' दिसला तर गोंधळू नका.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांची इथे खरोखरच पंचाईत आहे. कांदा चिरून कोरड्या भांड्यात, तेलाचा थेंब न घालता, अर्धा-पाऊण तास हलवत राहायचं आणि मग त्यात तेल-मसाला घालायचा, हा जवळजवळ प्रत्येक वोतचा पाया असतो. तो काढून टाकून काही बनवून द्या म्हटलं तर स्वयंपाकघर हात वर करणार.

## किती मागवावं

'येत्सोम बेयाइनेतु' हे उपासाच्या मिश्र ताटाचं नाव. साधारण ५० सेंटिमीटर व्यासाचा इंजेरा मोठ्या परातीत पसरून त्यावर पाच ते दहा पदार्थांचे ढीग घालतात. मिसिर वोत (मसूर डाळ, तिखट), किक अलिचा (पिवळी वाटाणा डाळ, सौम्य), शिरो, गोमेन (हिरवी पालेभाजी), कोबी-बटाटा-गाजराची भाजी, फोसोलिया (फरसबी-गाजर), बीट, टोमॅटोची कोशिंबीर, आणि कधी अझिफा, म्हणजे मोहरीची झणक असलेली अख्ख्या मसुराची थंड कोशिंबीर. एका ताटात सगळ्या चवी कळतात, आणि पुढच्या वेळी काय मागवायचं ते आपोआप ठरतं.

दोघं असाल तर एक बेयाइनेतु आणि एक तेगाबिनो शिरो किंवा तिब्स पुरे. चौघांना दोन माणसांचं बेयाइनेतु, एक डोरो वोत आणि एक तिब्स. यापेक्षा जास्त पहिल्या फेरीत सांगू नका. लागलं तर मागून मागवता येतं, आणि ते पाच-दहा मिनिटांत येतं, कारण वोत आधीच शिजलेले असतात. माणशी एक ते दीड इंजेरा होतो. इंजेरा हलका लागतो म्हणून माणूस खात सुटतो, पण तो रस्सा शोषून घेतो आणि पोट भरल्याचं जरा उशिरा कळतं. पाऊण पोटाला थांबलेलं बरं.

सगळं एकाच परातीत वाढा असं सांगावं लागत नाही. तीच रीत आहे. शाकाहारी आणि मांसाहारी एकत्र असाल तर मात्र ऑर्डर देतानाच 'दोन वेगळ्या पराती' असं बजावा. एकदा वाढल्यावर तिब्सचा रस बिटापर्यंत पोहोचतोच.

## उष्ट्याचा प्रश्न

एकाच परातीतून जेवायचं म्हटल्यावर घरातल्या मोठ्या माणसांच्या कपाळाला आठी पडते. तोडलेला तुकडा तोंडात गेला की संपला, तो परत परातीत येत नाही. बोटं ओठांना लावायची नाहीत, चाटायची तर नाहीतच. आणि प्रत्येकाने आपल्या समोरच्या भागातलंच घ्यायचं. समोरच्याच्या बाजूचं बीट हवं असेल तर हात लांबवू नका, वेटरकडून आपल्या बाजूला थोडं वाढून घ्या. या शिस्तीने जेवलं तर उष्टं-खरकटं फारसं होत नाही. तरीही कोणाला नकोच असेल तर वेगळी ताटली मागा. त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही.

गुर्शा हा मात्र वेगळा प्रकार आहे. इथिओपियन यजमान किंवा मित्र बरोबर असेल तर तो इंजेरात भाजी गुंडाळून घास थेट तुमच्या तोंडात भरवतो. घास मोठा असतो, कारण तो मानाचा असतो. एकदा 'नको, नको' म्हणून मग तोंड उघडायचं. ठाम नकार दिला तर तो माणूस हिरमुसतो. परत भरवायचा असेल तर उजव्या हाताने, घट्ट वळून, रस्सा न गळेल असा.

## इंजेरा ओळखा आणि तोडा

इंजेरा तेफ नावाच्या अगदी बारीक धान्याचा असतो. पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवतात आणि 'मिताद' या मोठ्या तव्यावर, वर झाकण ठेवून, एकाच बाजूने भाजतात. म्हणून खालची बाजू गुळगुळीत आणि वरची बाजू असंख्य छिद्रांनी भरलेली. ही छिद्रं सारख्या आकाराची, कडेपर्यंत पसरलेली असतील तर पीठ नीट आंबलेलं. छिद्रं तुरळक असतील तर घाई झाली आहे. खालची बाजू बोटाला चिकटत असेल तर कच्चा राहिलाय, आणि कडा सुकून तडकल्या असतील तर शिळा आहे. इंजेरा गार असतो, गरम येत नाही. ती खोट नव्हे. गरम करून आणायला सांगू नका, तो वातड होतो.

पहिला घास नुसत्या इंजेराचा घेऊ नका. रश्श्याशिवाय आंबटपणाच तेवढा जाणवतो आणि मन तिथेच उडतं. आंबट आवडत नसेल तर पांढऱ्या तेफचा इंजेरा मागा, तो सौम्य असतो. लालसर-तपकिरी तेफ चवीला जड. परदेशात तेफ महाग म्हणून पिठात गहू किंवा बार्ली मिसळतात. तेफमध्ये ग्लुटेन नसतं, पण त्या मिश्रणात असतं. ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे त्यांनी 'निव्वळ तेफचा इंजेरा आहे का' हे आदल्या दिवशीच फोन करून विचारावं. बरीच हॉटेलं तो आगाऊ सांगितल्यावरच बनवतात.

आता खाणं. काही ठिकाणी वेटर सुरई आणि तसराळं घेऊन टेबलापाशीच हात धुवायला देतो. हात तसराळ्यावर धरायचे, पाणी तो ओततो. परातीच्या कडेला किंवा वेगळ्या टोपलीत गुंडाळ्या करून ठेवलेला इंजेरा असतो. खायला सुरुवात त्याने करायची, परातीत पसरलेल्याने नव्हे. उजव्या हाताने दोन-तीन बोटं रुंद तुकडा तोडा. तो छिद्रांची बाजू खाली करून भाजीवर ठेवा, अंगठा आणि दोन बोटांनी दोन्हीकडून चिमटीत धरा आणि उचला. पोळीच्या तुकड्याचा चमचा करून भाजी वर ओढायची सवय इथे नडते, कारण इंजेरा ओला आणि मऊ असतो, खालून खुपसला की फाटतो. वरून झाकून चिमटीत धरला की छिद्रं रस्सा धरून ठेवतात. तुकडा हाताएवढा मोठा घेतला तर भाजी कमी आणि आंबट जास्त, असा घास होतो.

एका हाताने तोडणं सुरुवातीला जमत नाही. गुंडाळीचं टोक करंगळी-अनामिकेने दाबून धरायचं आणि अंगठा-तर्जनीने तोडायचं, म्हणजे जमतं. डावा हात परातीला लावू नका.

क्रमाला थोडं महत्त्व आहे. आधी किक अलिचा, कोबी-बटाटा यांसारखे सौम्य प्रकार, मग मिसिर वोत, मग डोरो वोत. तिखटाने जीभ बधिर झाल्यावर अलिचाची चव लागतच नाही. तोंड पोळलं तर पाण्यापेक्षा 'आयिब' हे ताजं, कमी मिठाचं पनीर उपयोगी, पण ते उपासाच्या ताटात नसतं, वेगळं मागवावं लागतं. सगळ्यात शेवटी परातीत पसरलेला, सगळे रस्से मुरलेला इंजेरा खायचा. जाणकार लोक पोटात जागा ठेवतात ती याच्यासाठी.

## डोरो वोत आणि कच्चं मांस

डोरो वोत हा सणाचा पदार्थ. एका कोंबडीला किलो-दोन किलो कांदा लागतो आणि तो तासन् तास शिजतो, म्हणून रस्सा जवळजवळ काळसर लाल आणि जामसारखा दाट असतो. त्यात कोंबडीपेक्षा रश्श्याला जास्त मान. 'चिकन कमी आहे' ही तक्रार नवख्यांची हमखास असते. माणशी एक तंगडी आणि एक उकडलेलं अंडं एवढंच येतं. अंडं इंजेराने फोडून बलक रश्श्यात कालवा, मग खा. तंगडीचं मांसही इंजेराच्या तुकड्यानेच सोडवायचं.

कित्फो म्हणजे बारीक चिरलेलं कच्चं गोमांस, मितमिता आणि कोमट नितिर किबेमध्ये कालवलेलं. मितमिता ही बारीक लाल मिरचीची भुकटी. बर्बरेपेक्षा बरीच तिखट, आणि ती वरूनही बशीत देतात. चिमटीने घ्या. कित्फो तीन प्रकारांनी मागता येतो: 'तिरे' म्हणजे कच्चा, 'लेबलेब' म्हणजे नुसता शेकलेला, 'येबेसेले' म्हणजे पूर्ण शिजवलेला. काही न सांगता मागवला तर कच्चाच येण्याची शक्यता जास्त. कच्च्या गोमांसातून पट्टकृमी पोटात जाण्याचा धोका इथिओपियात खराखुरा आहे, आणि लेबलेबमुळे तो जात नाही. पहिल्या खेपेला येबेसेलेच सांगा. गरोदर बायका आणि लहान मुलांच्या बाबतीत तर दुसरा विचारच नको. 'गोरेद गोरेद' दिसलं तर तेही कच्च्या मांसाचे तुकडेच.

## पेय आणि कॉफी

'तेज' ही मधाची दारू, गेशो या झुडपाच्या पानाफांद्या घालून आंबवलेली, बेरेले नावाच्या गोल पोटाच्या काचेच्या चंबूत येते. गोड लागते म्हणून भराभर प्यायली जाते, आणि उठताना कळतं. दारू नको असेल तर 'बेर्झ' मागा, म्हणजे न आंबवलेलं मधाचं पाणी. अंबो गावाच्या झऱ्याचं बुडबुड्यांचं पाणी या जेवणाबरोबर उत्तम.

कॉफीचा विधी बघायचा असेल तर जेवणाची ऑर्डर देतानाच सांगा, कारण त्याला पाऊण ते एक तास लागतो. हिरवे दाणे समोर भाजतात आणि धुराचं भांडं पाहुण्यांपुढे फिरवतात. हाताने धूर आपल्याकडे ओढून वास घ्यायचा. मग कुटलेली कॉफी 'जेबेना' या मातीच्या सुरईत उकळून बिनकानाच्या छोट्या 'सिनी' पेल्यांत उंचावरून ओततात. सोबत लाह्या आणि ऊद. धुराचा त्रास असणाऱ्यांनी दाराजवळ बसावं. फेऱ्या तीन: अबोल, तोना, बेरेका. त्याच चोथ्यात पाणी घालून पुन्हा उकळतात, म्हणून प्रत्येक फेरी आधीपेक्षा हलकी. कोणाच्या घरी असाल तर तिसऱ्या पेल्याआधी उठू नये, हॉटेलात एक पिऊन उठलात तरी चालतं. दूध मागू नका, साखर मिळते. पेल्याच्या तळाशी गाळ असतो, तो ढवळायचा नाही.

## बिल आणि पार्सल

बिलाला तिथेही 'हिसाब'च म्हणतात. अदिसमधल्या बऱ्याच हॉटेलांत मेन्यूवरच्या किमतीवर १५ टक्के व्हॅट आणि कधी १० टक्के सर्व्हिस चार्ज लागतो, तो आत धरलाय का ते आधी बघा. अमेरिकेत १८ ते २० टक्के टिप धरून चला, आणि जादा इंजेराचे पैसे वेगळे आहेत का ते विचारा. काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी नगावर.

उरलं तर बांधून मागा, पण परातीतला भिजलेला इंजेरा बांधून घेऊ नका, घरी पोहोचेपर्यंत त्याचा लगदा होतो. वोत डब्यात वेगळे आणि न वापरलेला इंजेरा गुंडाळून पिशवीत, हवा न लागेल असा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. वोत नीट उकळून गरम करा. इंजेरा तव्यावर टाकू नका. ओल्या कागदी रुमालात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये १५-२० सेकंद ठेवला की पुरे.